आईची पाटी, बापाची होडी

साखरपुड्याची अंगठी दिशाने बोटातून ओढून काढली आणि आत्याच्या पुढ्यातल्या सोललेल्या कोलंबीच्या ताटात टाकली!

"ही मितेशला परत धाडा," ती म्हणाली. "माजं लगीन मोडलं."

नलूच्या हातातली कोलंबी हातातच राहिली. चुलीपाशी उभी असलेली मंदा, दिशाची आई, "अगो बाय माजे!" म्हणून खालीच बसली. आणि ओसरीवर फाटलेलं जाळं तुणत, सुईने सांधत बसलेला पुंडलिक, दिशाचा बाप आणि नलूचा धाकटा भाऊ, त्याने मान वर न करता एकच गाठ दोनदा मारली. सकाळी बोईसरच्या इस्पितळातून आल्यापासून तो जाळ्यातच तोंड घालून बसला होता.

"कोणी मोडलं?" नलूने विचारलं. "मितेशनं?"

"त्याला अजून ठाव नाय. मीच मोडते. तुज्यासारखं."

तुज्यासारखं! हा एक शब्द नलूच्या काळजात असा रुतला, की शिंगाडा माशाचा काटासुद्धा इतका खोल जात नाही.

कारण दांडी गावात नलू म्हणजे त्यागाची मूर्ती होती. बाप आधीच गेलेला, त्यात आई गेली, धाकटा भाऊ पोरका झाला, म्हणून या बाईने लग्न केलं नाही, भावाला वाढवलं, त्याचा संसार मांडून दिला, त्याच्या लेकीला स्वतःच्या मांडीवर मोठी केली, असं गाव सांगत असे. कोणाच्याही घरचं लग्न असो, हळदीला पहिलं बोलावणं नलूला. सुनेचं आणि सासूचं वाजलं की तक्रार नलूकडे. आणि खरं सांगायचं तर, नलूलाही हे आवडत नव्हतं असं नाही! देणाऱ्याला देण्याची चटक लागते. घेणारा विसरतो, देणारा विसरत नाही. नलूही कोणाला काय दिलं ते विसरत नसे, फक्त तोंडाने बोलून दाखवत नसे. त्यामुळे तिचा मान आणखी वाढे. गावच्या डोळ्यांतला तो मान तिने इतकी वर्षं दागिन्यासारखा अंगावर वागवला होता.

पण त्या त्यागाच्या पोटात दुसरीच गोष्ट होती. ती तिने कोणालाही सांगितली नव्हती. आज सकाळी ती तिच्या तोंडून, नको तिथे, नको त्या वेळी निसटली… आणि दिशाने ऐकली.

नलूच्या आईला छातीचा कर्करोग झाला होता. त्या काळी दांडीत त्याला नाव नव्हतं. "छातीतली गाठ" एवढंच म्हणत. वर्ष फिरलं नाही तोच मावशीही त्याच वाटेने गेली. नलू तेव्हा नुकती लग्नाच्या वयाची झालेली. आईच्या वर्षश्राद्धानंतर वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे आईच्या मागची वाटणी केली. आईची मासळीची पाटी, बोईसरच्या बाजारातली तिची बसायची जागा, गळ्यातलं डोरलं, हे सारं लेकीला. बापाची होडी, जाळी, वल्हं, हे लेकाला. आईचं लेकीला, बापाचं लेकाला. दांडीत कोणाच्याही घरात जाऊन विचारा, हेच सांगतील.

त्या रात्रीपासून नलूच्या मनाने एक हिशेब मांडला. आईची पाटी माझी, तर आईची गाठही माझीच! पुंडलिकला बापाची होडी मिळाली, तो सुटला. माझ्या पोटी लेक झाली तर ही गाठ तिच्याकडे जाणार, तिच्या लेकीकडे जाणार… नाही! ही पाटी माझ्यापाशीच रिकामी होऊ दे!

आणि नेमका तेव्हाच दिनानाथ विचारायला आला होता.

दिनानाथ होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. हसरा, कामसू, आणि नलूला पाहिलं की हातातला पाना खाली पाडणारा. बंदरावर, सगळ्यांच्या देखत, त्याने विचारलं, "नलू, माज्या घरी येशील?" नलूच्या जिवाचं पाणी पाणी झालं. खरं कारण सांगितलं असतं तर हा वेडा म्हणाला असता, असू दे. म्हणून तिने नाक मुरडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुज्या हाताला डिझेलचा वास येतो!"

बंदर हसलं. अंगाला मासळीचा वास असलेली बाई डिझेलच्या वासाला नावं ठेवते! पण दिनानाथ हसला नाही. त्या दिवसापासून तो काम संपलं की लिंबू चोळून हात धुऊ लागला. लग्न मात्र त्याने केलं नाही. आई विचारायची तेव्हा म्हणायचा, "आत्ता इंजिन खोललंय, बंद करून येतो." आई गेली, इंजिनं खोलली गेली, बंद झाली, हा काही आला नाही. दर रविवारी मात्र तो सायकल काढून बोईसरच्या बाजारात जाई आणि नलूकडून मासळी घेई. दारात समुद्र असलेला माणूस मैलांवर जाऊन मासळी विकत घेतो, तीही भाव न करता! एवढं पाहूनही ज्याला कळत नव्हतं, असं गावात फक्त एक माणूस होतं, आणि ते माणूस ती मासळी तोलून देत होतं.

मग दोन वर्षांमागे उलटंच झालं. गाठ आली ती पुंडलिकला.

पुरुषाच्या छातीत गाठ! त्याने ती लाजेपायी महिनोन् महिने सदऱ्याखाली लपवली. "बायकांचा रोग मला कसा होईल?" म्हणत राहिला. मंदाने एक दिवस दटावून सदरा काढायला लावला तेव्हा कळलं. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले आणि परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. माणूस उभा राहिला! पण डॉक्टर म्हणाले, घराण्याची जनुकं तपासायला हवीत. पुंडलिकच्या रक्तात दोष सापडला. मग नलूचं रक्त घेतलं, दिशाचं घेतलं, आणि आज सकाळी निकाल सांगायला बोलावलं होतं.

समजावून सांगणारी मेघाली म्हणून एक तरुण मुलगी होती, मूळची पालघरची. पुंडलिकचे जाळं तुणून तुणून घट्टे पडलेले हात पाहून तिने मोठा चतुर दाखला दिला.

"काका, जाळं रोज फाटतं ना? तसं आपल्या पेशींमध्येही रोज काहीतरी फाटतं. ते तुणणारं एक जनुक असतं. प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या घरात त्यातली एक प्रत बिघडलेली आहे. दुसरी काम करत असते. पण एखाद्या पेशीत तीही बिघडली, तर भोकं तशीच राहतात, वाढत जातात, आणि मग गाठ होऊ शकते. होईलच असं नाही. धोका इतरांपेक्षा जास्त, एवढंच."

"पन हे आईकडनं लेकीला जातं ना?" नलूने विचारलं.

"मुलगा, मुलगी, काही बघत नाही, मावशी. आईकडे एक चांगली प्रत, एक बिघडलेली. प्रत्येक मुलाला त्यातली एकच मिळते. कोणती, ते कोणाच्या हातात नाही."

"म्हंजे आमी बंदरावर वाटे घालतो तसं," पुंडलिक पुटपुटला. बारीक मासळीचे ढीग करतात, एक जण पाठ फिरवून उभा राहतो, दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" आणि पाठमोरा नाव घेतो. कोणावर अन्याय नको, कोणाची तक्रार नको.

"अगदी तसंच!" मेघाली म्हणाली. "तुमच्या आईचा तो वाटा तुमच्या नावावर आला, काका. आणि तुमच्याकडून दिशाच्या. मावशी, तुम्हाला चांगला वाटा मिळाला. तुमच्यात तो दोष नाही."

माणसाला आनंद व्हावा अशी बातमी! पण नलू दगडासारखी बसून राहिली. ज्या पाहुण्याला आत घ्यायचं नाही म्हणून तिने सारं तारुण्य दार अडवून उभं राहण्यात घालवलं, त्या पाहुण्याने तिच्या घराचा पत्ता कधी विचारलाच नव्हता… तो शेजारच्या दारातून केव्हाच आत जाऊन बसला होता!

आणि मग तिच्या तोंडून निसटलं, "मंग मी लगीन कां नाय केलं?"

दिशाने मान वळवून आत्याकडे पाहिलं. पुढे मेघाली बरंच काही सांगत होती, दरवर्षीच्या तपासण्या, लवकर सापडलं तर काय, पुढे शस्त्रक्रियेचा पर्याय कसा, मुलाबाळांचं काय, घाई कशाचीच नाही… दिशा ऐकत होती की नव्हती, देव जाणे.

आणि आता ही अंगठी कोलंबीत!

"मोठी आली माज्यासारखी!" नलू कडाडली. "माजं चुकलं ते आज डागदरणीनं सांगितलं, आयकलं नाय? माज्यात ते नव्हतंच!"

"तुज्यात नव्हतं तरी तू केलंस. नुसत्या भीतीनं. माज्याकडे तर रिपोर्ट हाय, आत्ये. तुजं चुकलं, माजं बरोबर ठरतं."

 पोरगी शिकलेली होती, तारापूरच्या कारखान्यात मालाची तपासणी करायची. तिचं गणित नलूला पटकन खोडता येईना.

"त्या मितेशला इचारलंस का?" शेवटी तिने विचारलं. "त्याच्या जल्माचा निकाल त्याला न इचारता लावतेस?"

दिशाचे डोळे भरून आले, पण जीभ काही अडखळली नाही. "तू इचारलं होतंस? दिनाकाकाला?"

ओसरीवरची सुई थांबली.

"काका दर रविवारी सायकल मारत येतो," दिशा हुंदका गिळत म्हणाली, "लिंबू चोळून… सगळा गाव हसतो! त्याला आजपावेतो ठाव नाय, तू नाय कां बोललीस. तू त्याला जाऊन सांग. मंग मी मितेशला सांगते. नाय तर मला शिकवू नको!"

त्याच वेळी पुंडलिक उठला. आत आला, आणि इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्याने केलं; मोठ्या बहिणीच्या पायांशी बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"बाय… मला वाटायचं तू माज्यासाठी राहिलीस. मी त्याचा भार वागवत होतो. आनी तू तर आईच्या रोगाला भिऊन राहिलीस, आनी तो रोग माज्याकडे होता! माज्याकडनं माज्या पोरीला गेला! मी तिला दुसरं काय दिलं, बाय? होडी पन इकली दवापान्याला. पोरीला बापाकडनं मिळालं ते हे!"

नलूने त्याचे कुरळे केस दोन्ही हातांनी धरले. तिच्या हाताला कोलंबीचा वास होता, पण अशा वेळी कोण बघतो!

"उठ रे येड्या. पाठ फिरवून वाटा घातला आईनं, तिचा काय दोष? नि तुजा काय? मी शहाणी, मी न सांगता सगळ्यांचे वाटे स्वताच ठरवत बसले…"

ती उठली. पदर खोचला. मंदा म्हणाली, "नलूबाय, कुठं चाललाव? तोंडावर पाणी तरी मारा!" पण नलू उंबरा ओलांडून गेली होती. पाणी मारलं असतं तर धीर विरघळला असता.

उन्हं उतरायची वेळ. वलांड्यांवर, मासळी वाळवायच्या बांबूंवर, बोंबील ओळीने लटकत होते, आणि त्यांच्याआड बायका. त्यागाची मूर्ती उघड उघड, अनवाणी, दिनानाथच्या शेडकडे निघालेली पाहून एकेक बाई हातातलं काम टाकून वळत होती. "नलूताई, पाटी राहिली का गो?" एकीने टोकलं. नलू चालतच राहिली. तिच्यामागे पन्नास पावलांवर दिशा होती. दिशामागे मंदाही जाईल असं वाटलं होतं, पण मंदाला चूल सोडवेना. ती डोळे पुसत, काय करावं ते न सुचून, कोलंबीचं कालवण टाकायला लागली. दुःख असो की सुख, मंदाचं कालवण चुकत नसे.

दिनानाथ शेडमध्ये एका इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. नलूला दारात पाहून पाना खाली पडला. तीस वर्षांत ती सवय काही गेली नव्हती.

"दिना, मी तुला खोटं बोलले होते."

"कवा?"

"बंदरावर. डिझेलचा वास येतो म्हनून."

त्याने आपले काळे हात उलटेपालटे करून पाहिले. "म्हंजे येत नव्हता?"

"येत होता." नलू एक पाऊल आत आली. "पन मला तो आवडायचा."

दिनानाथने हात नाकाशी नेऊन हुंगले. मग हळूच म्हणाला, "आनी मी एवढी लिंबं पिळली!"

नलूला हसू आलं आणि त्या हसण्यातच बांध फुटला. मग तिने सगळं सांगितलं. आईची गाठ, मावशीची गाठ, पाटी आणि होडी, आजचा निकाल, दिशाची अंगठी. बोलताना ती रडत होती, आणि दिनानाथ ऐकताना पदर नसल्यामुळे बाहीला नाक पुसत होता.

"मला इचारायचं होतंस," तो शेवटी म्हणाला.

"तू हो बोलला असतास."

"बोललोच असतो."

"म्हनून नाय इचारलं."

"हे बग नलू," दिनानाथ म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला राग शिवला, प्रेमाइतकाच जुना राग. "तू मला वाचवायला गेलीस. पन बुडायचं की पोहायचं, ते माजं मला ठरवायला ठेवलं नाय. एवढंच तुजं चुकलं. बाकी काय नाय."

नलूने मान खाली घातली. साऱ्या गावाने तिला इतकी वर्षं मोठेपणा दिला होता; चूक दाखवणारा हा पहिलाच. आणि नवल असं, की तो मोठेपणा अंगावरून उतरताच तिला ओझं उतरल्यासारखं हलकं हलकं वाटलं!

"मंग आता इचार," दिनानाथ म्हणाला.

"काय?"

"आत्ये, इचार ना!" बाहेर उलट्या घातलेल्या होडीमागून दिशाचा आवाज आला. तिच्याबरोबर होडीमागे अर्धी आळी होती, हे नलूला तेव्हा कळलं. पण आता मागे फिरून उपयोग नव्हता.

"दिना…" तिने डोळे मिटले. "माज्याशी लगीन करशील?"

दिनानाथने सवयीने इंजिनाकडे पाहिलं. "थांब, इंजिन खोललंय, बंद करून…" आणि मग स्वतःच चपापला. हसला. हात पुढे केला, डिझेलने माखलेला, लिंबू न लावलेला.

"नाय, राहू दे उघडं."

होडीमागून असा गलका उठला की वलांड्यांवरचे कावळे उडाले!

दिशाने शब्द पाळला. तिथेच, रेतीत बसून, मितेशला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, की आळी शांत झाली होती, कोण जाणे, पण मितेशचं उत्तर सगळ्यांनी ऐकलं.

"झालं बोलून?" पाम गावचा तो पोरगा म्हणाला. "आता माजं आयक. आमच्या घरात बापाला साखर, आजीला साखर, काकाला साखर, मला पन होनार हाय. शिवाय मी टकला होनार, ते तर आमच्या घरात कोणालाच चुकलं नाय. हे सगळं बघून तू हो बोललीस ना? तपासणीची तारीख सांग, मी सुट्टी टाकतो. नि अंगठी काढलीस असं आयकतो. कुठं हाय ती?"

दिशा रडता रडता थांबली. अंगठी!

सगळी वरात घराकडे धावली. ताट रिकामं होतं. मंदा दारात उभी, हातात पळी. "कोलंबी? ती तर मी केव्हाच कालवणात टाकली. डोळ्यांत पाणी होतं, ताट उचललं नि ओतलं…"

पुंडलिकने कपाळावर हात मारला. दिनानाथ मात्र ओसरीवर ऐसपैस बसत म्हणाला, "मंग वाढ की! अंगठीवालं कालवण मी कवा खाल्लं नाय."

"पातेल्यात हात घालून ढवळू नका कोणी," नलूने बजावलं. "वाटे घाल, मंदा. रीतीनं."

मंदाने पाच वाट्या मांडल्या, सारखं कालवण वाढलं. नलू भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "हा कोणाचा?" मंदाने विचारलं. "दिनाचा." "हा कोणाचा?" "तुजा." "हा?" "दिशाचा." "हा?" "पुंडलिकचा." उरला तो नलूचा. तो तिने आज बिनतक्रार घेतला.

सगळे घास चाचपून चाचपून खात होते. दिनानाथ प्रत्येक कोलंबी उजेडात धरून पाहत होता, दिशा हसत होती, मंदा त्या हसण्याकडे बघून पुन्हा डोळे पुसत होती. पुंडलिक खाली मान घालून गुमान खात होता… आणि अचानक त्याच्या दाताखाली काहीतरी वाजलं.

त्याने ते तोंडातून काढलं. सदऱ्याच्या टोकाने पुसलं. रस्सा निघाला, सोनं चमकलं.

 दिशा आपणहून सरकत बापापुढे येऊन बसली आणि तिने हात पुढे केला. 

"माज्याकडनं हे पन घे," पुंडलिक म्हणाला, आणि अंगठी लेकीच्या बोटात घातली.